दहापैकी दहा

लोणखेडा, ता. शहादा
बुधवार, २० ऑगस्ट २०२५

प्रिय नूतन,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. आज सतरा दिवस झाले. सकाळी तुझी अंगणवाडी उघडायच्या आधी लावला, दुपारी पोरं घरी गेल्यावर लावला, परवा ममताच्या फोनवरून लावला तर ‘हॅलो’ म्हणालीस आणि माझा आवाज ऐकताच ठेवून दिलास. बेचाळीस वर्षांची बाई, अख्ख्या कोरीटच्या लेकरांना लस टोचायला लावणारी, आणि ताईचा आवाज ऐकून पळतेस. काही वाटतं का? पत्राचं मात्र तसं करता येत नाही. चुनीलालराव काल इथे आले होते, तुला न सांगता. उद्या त्यांना पुन्हा बोलावलंय, त्यांच्याच हाती हे देणार आहे, आणि तिचं वाचून होईपर्यंत समोरून हलायचं नाही, असं त्यांना बजावणार आहे. तुझा नवरा माझ्या शब्दाबाहेर नाही, हे तुला माहीतच आहे. तेव्हा चहा ठेव, त्यांनाही दे, आणि बसून वाच.

आधी कामाचं सांगते. पोळा झाला की सोमवारी आम्ही सुरतेला निघतोय. माझ्या रक्तातला कॅन्सर सध्या दबलाय, पण तो दबून बसणाऱ्यातला नाही, महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा डोकं वर काढेल असं डॉक्टर सांगतात. त्याच्या आत माझ्या हाडांतला सगळा मगज औषधांनी मारून टाकायचा आणि दुसऱ्याच्या निरोगी पेशी आत सोडायच्या, एवढा एकच रस्ता आहे. तुझ्या पेशी दहापैकी दहा जुळल्यात. ममताच्या पाचच, पोटची पोर असून. ममताच्या घेऊनही करतात म्हणे, पण त्यात धोका जास्त. म्हणजे माझा जीव बराचसा तुझ्या हाडांत ठेवलेला आहे आणि तू तो घेऊन कोरीटला दार लावून बसली आहेस. चुनीलालरावांनी काल कारणही सांगितलं. चहाची बशी हातात धरून, खाली बघत म्हणाले, ती म्हणते माझ्या हाताला यश नाही, मी ताईला एकदा हात लावला तर हे झालं, पुन्हा लावला तर ती माझ्याच हातून जाईल. मला इतका संताप आला की ते नसते तर मी बशीच फेकली असती. नंतर रडले. पण आधी संताप आला, हे लिहून ठेवते.

तुला काय कळलंय आणि कोणाच्या तोंडून कळलंय, ते मला ठाऊक आहे. पण नीट कोणी सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगते. होळीच्या सुमारास माझ्या दोन्ही हातांवर निळे-काळे डाग उठायला लागले. नर्सरीत पपईच्या रोपांचे ट्रे उचलताना कडा लागतात, तेच असेल असं मी धरून चालले. भाकरी चावली की हिरड्यांतून रक्त यायचं, तेव्हा दात खराब झाले म्हटलं. दम लागायचा, तेव्हा वय झालं म्हटलं. पहिल्यांदा कोणाच्या डोळ्यात आलं असेल तर रूपलीबाईच्या. आमची रूपलीबाई तुला माहीत आहे, धडगावकडची, पाच वर्षं माझ्याकडे रोपं भरते आणि बोलते अगदी मोजकं. ती एक दिवस माझं मनगट धरून म्हणाली, बाई, तुला कोण मारतं? मी हसले, तर ती हसली नाही. दोन दिवस तुझ्या दाजींनी दिलेला चहा तिने घेतला नाही, त्यांच्याकडे बघायची सुद्धा नाही. आयुष्यात माझ्यावर आवाज न चढवलेला माणूस, बिचारा विचारत फिरत होता की माझं काय चुकलं. शेवटी त्या बाईची खात्री पटवायला म्हणून मी शहाद्याला रक्त तपासून घेतलं. लॅबवाल्याने दोनदा तपासलं आणि रिपोर्ट माझ्या हातात न देता फोन दाजींना केला. तेव्हाच मी समजले.

सुरतेला कमरेच्या हाडातून पाणी काढलं, चार दिवसांनी डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं. सहा वर्षांपूर्वी छातीच्या गाठीवर जी औषधं दिली, त्यांनी ती गाठ संपवली. पण दोनशे-तीनशे बायकांमध्ये एखादीच्या हाडांत ती औषधं खोड काढून ठेवतात आणि काही वर्षांनी रक्ताचा कॅन्सर उभा राहतो. ती एखादी म्हणजे मी. दाजींनी विचारलं, मग तेव्हा औषधं घेतलीच नसती तर? डॉक्टर म्हणाले, मग आज तुम्ही इथे एकटेच बसला असता. हे वाक्य तुझ्यासाठी जसंच्या तसं लिहिलंय, दोनदा वाच. बाहेर आल्यावर मी दाजींना म्हटलं, हे त्या औषधांनी झालं, यातलं अक्षर नूतनला कळता कामा नये. ती डोक्यात घेईल. आपली नूतन दुसऱ्याला धीर देण्यात एक नंबर, पण स्वतःवर आळ घ्यायची वेळ आली की सगळ्यांच्या पुढे. त्यांनी कबूल केलं आणि पाळलंही. मग बातमी फुटली कशी? तर आमच्या भाऊबंदकीच्या प्रेमामुळे. ऐक आता, तू त्या दिवसांत पोषणआहाराच्या सर्व्हेत अडकली होतीस म्हणून तुला ही गंमत माहीतच नाही.

जूनच्या सुरुवातीला, मी तिथे दाखल असताना, डॉक्टर म्हणाले, घरच्या, रक्ताच्या माणसांचे नमुने लागतील. दाजींनी तिथूनच आमच्या दोधू आप्पांना, म्हणजे त्यांच्या काकांना, फोन करून तेवढंच सांगितलं, की घरातल्या माणसांचं रक्त तपासायचंय. झालं. आप्पांच्या लेखी घरातली माणसं म्हणजे कोण? कानबाईच्या सणात नैवेद्याच्या रोटाला दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढतात ना, त्या एका रोटाच्या कुळातली तेवढी. ती यादी आप्पांच्या तोंडपाठ. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या दारात दोन गाड्या उभ्या राहिल्या आणि एक क्रूझर भरून, एक बोलेरो भरून चौदा पुरुष उतरले. इस्त्रीचे पांढरे कपडे, टोप्या, आणि सगळेच्या सगळे उपाशी, कारण रक्त रिकाम्या पोटी द्यावं लागतं असं कोणीतरी सांगितलेलं. कापूस पेरायचे दिवस, नूतन. पेरणी टाकून आले होते. डॉक्टर बाहेर आले, रांग बघितली आणि विचारलं, यातले बाईंचे सख्खे भाऊ कोण? आप्पा छाती काढून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आमना एकच रोट शे. सून आमनी शे, मंग रगत बी आमनंच लागी.” मी आत सलाइन लावून पडले होते, मला दारातून ऐकू येत होतं. हसून हसून सलाइनची सुई हलली आणि नर्स ओरडली.

त्या चौदा जणांतल्या एकाच्याही रक्ताचा मला काडीचा उपयोग नव्हता. लग्न होऊन मी त्यांच्या रोटात आले, पण माझी हाडं प्रकाशा गावच्या आपल्या आईबापांची, धुडकू आप्पांची आणि जसोदाबाईंचीच राहिली. आपल्याला भाऊ नाही, मग उरलीस तू. आणि तुला बोलवायचं त्या चौदा जणांत कोणालाच सुचलं नव्हतं, कारण तू परक्या घरची, परक्या रोटाची. डॉक्टरांनी हे दोधू आप्पांना अर्धा तास समजावलं. समजावताना हा आजार कशाने झाला तेही सांगून टाकलं. आप्पांनी ते पोटात ठेवलं दोन महिने, आणि मग कौसाबाईंना सांगितलं. माझ्या सासूबाईंच्या पोटात काय राहतं ते तुला मी सांगायला नको.

तू मात्र बोलावल्याबरोबर आलीस. नमुना देताना त्या टेक्निशियनला म्हणालीस, अजून एक बाटली घ्या, कमी नको पडायला. दहापैकी दहा आल्याचा फोन मी केला तेव्हा अंगणवाडीत सगळ्या पोरांना तू गूळ-शेंगदाणे वाटलेस, हे मला मीनाबाई मदतनिसाकडून कळलं. हाच आनंद घेऊन तू कानबाईच्या रविवारी आमच्याकडे आलीस. गर्दीत बसायची मला बंदी, म्हणून मी तोंडाला मास्क लावून कोठीच्या खोलीत खिडकीशी. बाहेर ओटीवर वीस-पंचवीस बाया गाणी म्हणत होत्या, तूही टाळ्या वाजवत होतीस. आणि मध्येच सासूबाई कोणाला तरी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “इन्ही बहीनच इले सुरतले ओढी लई गयी, नि त्याच औषधनी इन्हं रगत नासाडं.” गाणं थांबलं. मला खिडकीतून तुझी फक्त पाठ दिसत होती. पदर सावरलास, चपला घातल्यास आणि चालू लागलीस. मी आतून हाक मारली, पण मास्कमधून आवाज तो किती जाणार! मला उठून बाहेर यायला हवं होतं. गर्दी, जंतू, डॉक्टर, सगळं खड्ड्यात घालून मी ओटीवर यायला हवं होतं. आले नाही. सतरा दिवस याच गोष्टीचा मला स्वतःचा राग येतोय. आणि खरं सांगायचं तर हा राग सतरा दिवसांचा नाही, सहा वर्षांचा आहे.

ओढून नेलं, ओढून नेलं. सहा वर्षं आमच्या घरात ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली जाते. लग्नकार्यात सुद्धा. की कामिनीची धाकटी बहीण कोरीटहून सकाळी सातच्या बसने आली, छातीवर पाल्याचा लेप लावून बसलेल्या बहिणीचं मनगट धरलं, सासू आडवी आली तर सासूला बाजूला केलं, “ऊठ, चाल, बस येई ऱ्हायनी” म्हणाली आणि फरफटत अंगणाबाहेर घेऊन गेली. मी ‘नको, नको’ म्हणत होते, हेही सांगतात. म्हणत होतेच. आदल्या दिवशी शेजारच्या घरातून, शेजारणीच्या फोनवरून मीच तुला म्हटलं होतं, की उद्या ये आणि मला ओढून ने. मी नाही म्हणेन, तरी ने. “माले जगनं शे, नूतन,” एवढं बोलले आणि फोन ठेवला. ते तुला माहीत आहे आणि मला. तिसऱ्या कोणाला नाही. तू सहा वर्षांत कधी ते तोंडातून काढलं नाहीस, तुझ्या नवऱ्याला सुद्धा नाही. शिव्या खाल्ल्यास, आमच्या दारात आल्यावर पाणी उशिरा मिळालं, वाकडी तोंडं बघितलीस, आणि गप्प राहिलीस. का, तर ताईने सांगितलं होतं कोणाला कळू देऊ नको म्हणून.

मला तेव्हा स्वतःच्या तोंडाने ‘मला जगायचंय, मला दवाखान्यात न्या’ म्हणायची लाज वाटली होती. विचित्र वाटेल आता, पण वाटली. केळीचं पीक तोंडावर आलेलं, घरात मोठ्या जावेच्या मुलीचं लग्न ठरलेलं, आणि सुनेने छातीवरच्या गाठीचं नाव काढायचं? आमच्याकडे बाई आजारी पडली की तिला दुसऱ्या कोणीतरी न्यायचं असतं. तिने स्वतः नाव काढलं की ती हावरी. जिवाला हावरी. म्हणून मी तुला पुढे केलं. तू वाईट झालीस आणि मी भोळी, बिचारी, बहिणीने नेलेली कामिनी राहिले. सोयीचं होतं मला. अगदी सोयीचं होतं.

आणि त्या सहा वर्षांत काय काय केलं मी, ते तू बघितलंस. एक छाती घेऊन शेडनेट उभं केलं. तालुक्यातल्या निम्म्या पपईची रोपं माझ्या हातची आहेत, असं मी सांगत फिरते, निम्मी नसतील पण असू दे. तू कापडाची गादी शिवून दिली होतीस ब्लाउजमध्ये घालायला, वजन यावं म्हणून आत बाजरी भरलेली. नर्सरीत पाणी मारता मारता ती ओली झाली आणि आठवड्याने काढून बघते तर मोड आलेले! तुला फोन केला तेव्हा आपण दोघी इतक्या हसलो की सासूबाईंना वाटलं कोणाचं तरी लग्न जमलं. पुढच्या गादीत तू मोहरी भरलीस आणि वर प्लॅस्टिक लावलंस. त्रेचाळिसाव्या वर्षी स्कूटी शिकले, कोंबडी मारली एक. सारंगखेड्याच्या यात्रेत साडी खोचून घोड्यावर बसले आणि घोडेवाल्याला लगाम धरू दिला नाही. ममता तेरा वर्षांची होती, आता बी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझ्या गोळ्यांची नावं मलाच चुकीची म्हणते म्हणून दटावते. ही सहा वर्षं कोणी मला फुकटात दिली नाहीत आणि कोणी ती माझ्याकडून परतही मागू शकत नाही. रक्त नासलं तर नासलं. ती सहा वर्षं नासलेली नाहीत. जो कोणी म्हणेल की त्या औषधांनी माझं वाटोळं केलं, त्याला मी माझं शेडनेट दाखवेन आणि विचारेन की हे काय भुताने बांधलं का?

आता जे मी तुला कधीच सांगितलं नाही, ते सांगते. २०१९ सालचा तो दिवस आठव. ऑपरेशन झालेलं, औषधांचा पहिला डोस दुसऱ्या दिवशी होता. तू खाली मेडिकलच्या रांगेत उभी होतीस. वर एक तरुण डॉक्टरीणबाई माझ्याकडे कागद घेऊन आली, सही करायला. गुजराती-हिंदी मिसळून बोलत होती, पण मुलगी सरळ होती, कागद पुढे सरकवून मोकळी झाली नाही. शेजारी स्टूल ओढून बसली आणि एकेक गोष्ट सांगितली. केस जातील. उलट्या होतील. हृदयावर लक्ष ठेवावं लागेल. आणि म्हणाली, फार थोड्या बायकांना, पण काही वर्षांनी या औषधांमुळेच रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो, हे सांगणं माझं काम आहे. मी विचारलं, किती वर्षांनी? ती म्हणाली, दोन ते दहा. मी मनात ममताचं वय मांडलं. तेरा आणि दोन पंधरा. तेरा आणि दहा तेवीस. आणि औषध नाही घेतलं तर? ती म्हणाली, गाठ काखेतही गेलीय, मग दोन वर्षंही धरू नका. मी म्हटलं, पेन द्या. हो, नूतन, मला माहीत होतं. तुला नव्हतं, मला होतं. शब्दन् शब्द ऐकून, समजून, माझ्या हाताने सही केली मी. तू औषधांची पिशवी घेऊन वर आलीस आणि विचारलंस, काय म्हणाल्या डॉक्टर? मी म्हटलं, केस जातील म्हणाल्या.

तेव्हा नाही सांगितलं कारण मला भीती वाटली की तू डगमगशील. म्हणशील, थांबू, विचार करू, अजून कोणाला दाखवू. मला थांबायचं नव्हतं. दुसऱ्या डोसनंतर मी घरी नको नको करत होते, तेव्हा तू मला ममताची शपथ घालून परत नेलंस, आणि आता तेच तू मनात धरून बसली असशील की मी शपथ घातली म्हणून ताईने सगळे डोस घेतले. अगं, मी उलट्यांना कंटाळले होते, निर्णयाला नाही. तू शपथ घातली नसतीस तर चार दिवस कुरकुर करून मी आपली आपण गेले असते. नंतर, बरी झाल्यावर, सांगायला काय हरकत होती? काहीच नव्हती. रोज उद्या सांगू म्हटलं. सगळं चांगलं चाललेलं, त्यात कशाला, असं म्हटलं. आणि एप्रिलमध्ये जेव्हा डॉक्टरांनी तेच शब्द उच्चारले, तेव्हा मी दाजींना म्हणाले की नूतनला कळता कामा नये. मला वाटलं मी तुला जपतेय. छे. मी स्वतःला जपत होते.

काल चुनीलालराव गेल्यावर मी ओटीवर गेले. मास्क लावून, पण गेले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, दोधू आप्पा झोपाळ्यावर होते, शेजारच्या दोघी-तिघी होत्या. तेवढी माणसं पुरेशी होती. मी म्हटलं, नूतनने मला ओढून नेलं नाही, मीच तिले बलायं व्हतं. नि औषधनं काय व्हई शकस ते माले मालूम व्हतं, तिले नही. सही मन्ही शे. झोपाळा थांबला. आप्पा टोपी काढून डोक्यावरून हात फिरवायला लागले. सासूबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. त्या भांडतील, मोठ्याने रडतील, अशी मी तयारी करून गेले होते. त्यांनी इतकंच विचारलं, “मंग इतला वरीस माले तिले काब बोलू दिन्हं वं?” का बोलू दिलं, ते वर लिहिलंच आहे. मग त्या तांदूळ तसेच टाकून आत गेल्या. रात्री जेवल्या नाहीत. आज सकाळी दाजींना विचारत होत्या की कोरीटला जायला किती वाजता बस आहे. म्हणजे त्या तुझ्या दारात येतील असं दिसतंय. आल्या तर त्यांना पाणी लगेच दे, उगाच हिशोब चुकता करत बसू नकोस.

ओटीवर बोलले ते तिथल्या पाच-सहा जणांनी ऐकलं, पण बोललेलं चार दिवसांनी वेगळंच होतं, आणि मी जर सुरतेहून आले नाही तर ते कसं कसं फिरेल ते मला आत्ताच दिसतंय. नूतनने पहिल्यांदा औषध पाजलं, दुसऱ्यांदा रक्त दिलं आणि बहीण गेली. म्हणून हे माझ्या हस्ताक्षरात, सहीनिशी लिहून ठेवतेय. पहिला निर्णय माझा होता, हाही माझा आहे, आणि काय काय होऊ शकतं ते मला याही वेळी बसवून सांगितलंय. तुझ्या पेशी माझ्या अंगाशी भांडू शकतात, मी तिथून परत येणार नाही असंही होऊ शकतं. मी सही करून बसले आहे. हे पत्र पेटीत कुलपात ठेव आणि कोणी बोट दाखवलं तर भर माणसांत वाचून दाखव. पण त्याहूनही महत्त्वाचं एक कारण आहे. या पत्रानंतर तुला नाही म्हणता येईल. कालपर्यंत तू आली असतीस तर पाप फेडायला आली असतीस, आणि तसलं रक्त मला नको, नूतन, मी ममताचं अर्धंमुर्धं घेईन आणि बघेन काय होतं ते. आता तुला कळलंय की तुझ्याकडे फेडायला काहीच नाही. उलट मीच सहा वर्षं तुला खोटं सांगितलंय, तेव्हा रागव, शिव्या दे, येऊ नकोस असं वाटलं तर खुशाल येऊ नकोस, मी एक शब्द बोलणार नाही. सोमवारी सकाळी साडेसातला आमची गाडी तुमच्या फाट्यावर दहा मिनिटं थांबेल. यायचंच असेल तर भांडायला ये. सुरतेपर्यंत चार तासांचा रस्ता आहे, तोंडावर बोल जे काय बोलायचंय ते, मी मास्क लावून सगळं ऐकेन. फक्त गुन्हेगार होऊन माझ्या गाडीत बसू नकोस, उतरवून देईन.

तुझीच, खोटारडी आणि जिवाला हावरी,
कामिनीताई